एक लाल कार्ड सोडून सगळं हिरवं

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. कारण असं की माझं व्हॉट्सॲपवर एक चॅनल हाय. त्यावर मी सॉफ्टवेअरची तुलना टाकतो. कुठलं चांगलं, कुठलं नुसतं दिसायला, कुठलं फोनची बॅटरी खातं. आमच्या भागातली पोरं ते वाचून ॲप घेतात. मीच 'लय भारी' म्हणून सांगितलेल्या ॲपनं कळंबच्या स्टँडवर काय केलं हे त्यांना कळलं, तर उद्या माझं कोण ऐकणार? पण मोहित म्हणला, तू न्हाय लिहिलंस तर मी लिहितो. आणि मोहित लिहिणार म्हणजे त्यात मीच गाढव असणार. त्यापेक्षा आपलं आपण लिहिलेलं बरं.

मी रविराज. गाव वडगाव निंबाळकर, काम बारामतीत फ्लेक्सच्या दुकानात. वाढदिवस, उद्घाटन, दहावा, सगळ्याची डिझाईनं करतो. कोर्स कुठलाच केला न्हाय. फोनवर बघत, चुकत, मालकाच्या शिव्या खात शिकलो. हितं मी ॲपची नावं घेणार न्हाय. मागं एकदा घेतली तर दोन पोरं त्यावरनं अशी भांडली की त्यांच्या घरचे एकमेकाच्या लग्नाला गेले न्हायत.

मोहित माझा आयटीआयपासनंचा दोस्त. कळंबचा. त्याचे वडील रघुनाथकाका एसटीत ड्रायव्हर. बारामती ते इंदापूर, वालचंदनगर, कळंब करत. काकांची ख्याती एकच, गाडी टायमावर. भवानीनगरला दूध घालणारी माणसं काकांची गाडी बघून घड्याळ लावायची असं म्हणतात. जरा जास्तच हाय, पण म्हणतात.

काका रिटायर होणार होते. आमच्याकडं शेवटच्या ड्युटीला गाडी सजवतात, गावच्या स्टँडवर ड्रायव्हरला उतरवून फेटा बांधतात, हार घालतात, जेवण देतात. काकांनी सांगून ठेवलेलं, कायबी करायचं न्हाय. म्हणजे करायलाच पायजे. त्यांना न सांगता.

मोहित त्यासाठी दुकानात आला तेव्हा नेहमीसारखा बडबडला न्हाय. स्टुलावर बसून राहिला. मी म्हणलं, काय झालं? तर म्हणला,

"रव्या, पप्पांनी सगळ्या तालुक्याची वऱ्हाडं नेली. लोकं मांडवात, पप्पा गाडीपाशी. माझा दहावीचा सत्कार झाला तवा पण ड्युटीवर. एकदा तरी ते मधोमध पायजेत. कडंला न्हाय."

मी म्हणलं, झालं समज.

हे वाक्य लक्षात ठेवा.

फ्लेक्स म्हणलं की फोटो आला. घरातले सगळे अल्बम काढले. काकांचे फोटो ढीगभर निघाले, पण एकात पण काका पूर्ण न्हायत. नवरा-नवरी हसतायत, मागं एसटी, अन् एसटीच्या काचेत काकांचं अर्धं डोकं. शेवटी एक सापडला. मोहितच्या बहिणीनं, अबोलीनं, कधीतरी गाडीत चढताना काढलेला. काका सीटवर, खाकी शर्ट, दोन्ही हात स्टेअरिंगवर, तोंड अबोलीकडं वळवलेलं आणि चक्क हसतायत. काकांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. अडचण एवढीच की अर्ध्या तोंडावर खिडकीचं ऊन अन् अर्ध्यावर सावली.

म्हणलं चला, तीन सॉफ्टवेअरमधी करून बघू. काकांचं काम होईल, चॅनलला तुलना पण होईल.

पहिलं फोनमधलं ॲप. एक बटण दाबायचं, बाकी सगळं ते करतं. दाबलं. सावली गेली. तिच्याबरोबर सुरकुत्या गेल्या, मिशीतले पांढरे केस गेले, कपाळावरची लहानपणीची खोक गेली. रंग असा उजळला की काका मालिकेतल्या धाकट्या दिरासारखे दिसायला लागले. मालतीकाकींना, म्हणजे मोहितच्या आईला, दाखवला. काकींनी चष्मा लावला. फोन लांब धरला, मग जवळ धरला.

"कोण रं ह्यो?"

"काका हायत, काकी."

"मग माज्याशी लगीन केल्यालं कोण व्हतं?"

ते ॲप तितंच बाद.

दुसरं कॉम्प्युटरवरचं फुकटचं. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, कुणाच्या बापाचं न्हाय. मला मनापासनं आवडतं. चेहऱ्याला हात लावत न्हाय, कारण सगळं तुम्हालाच हातानं करायला लागतं. काकांच्या कानापाशी एकेक केस कापत बसलो. तेवढ्यात दुकानात तीन वाढदिवस अन् एक भावपूर्ण श्रद्धांजली येऊन गेली. मालक मागं येऊन उभा राहिला. त्याचा श्वास ऐकू येत होता.

तिसरं दुकानातलं थोरलं सॉफ्टवेअर, ज्याचं भाडं मालक भरतो. त्यानं ऊन-सावली सारखी केली, खोक राहू दिली, मिशी राहू दिली, आणि काकांना गाडीतनं अलगद उचलून बाहेर काढलं. केस न केस बरोबर. फक्त स्टेअरिंग मागं राहिलं. त्याच्या हिशोबानं स्टेअरिंग गाडीचं, माणसाचं न्हाय. त्यामुळं काका दोन्ही हात पुढं करून, हसत, हवेत कायतरी धरून बसलेले.

मी ते परत घालणार होतो. पण तेवढ्यात आबा आले. दत्तोबा आबा, काकांचे चुलते, कार्यक्रमाचे अध्यक्ष. अध्यक्ष त्यांना कुणी केलं न्हाय, ते आपोआप होतात. आबांनी स्क्रीन बघितली आणि खूश झाले. म्हणले हात लय झ्याक आल्यात, पाव्हण्यांना या-बसा म्हणल्यावानी वाटतंय. आणि खाली हितचिंतकांच्या ओळीत त्यांचा स्वतःचा फोटो जरा मोठा घ्यायला सांगितला, कानाला मोबाईल लावलेला. मी म्हणलं बरं. स्टेअरिंग राहिलं.

आता काम वाटून देणं. आधी व्हॉट्सॲप ग्रुप केला. मोहितनं विचारलं, मंडपाचं काय? त्याच्याखाली गुलाबाची फुलं, सुप्रभात, एक आयुर्वेदिक काढा, परत गुलाब. मंडप वर कुठं गेला सापडंना. मग एक इंग्रजी ऑफिसवालं ॲप घेतलं. ते आधी विचारतं तुमच्या टीममधी किती माणसं. आबा म्हणले, समदं गाव लिव्ह. तिथनं पुढं ते पैसे मागायला लागलं.

मग घेतलं कार्डवालं. हे मला अजून पण आवडतं, खोटं कशाला बोलू. एक फळा असतो. प्रत्येक कामाचं एक कार्ड. बाकी असलं की लाल, चालू असलं की पिवळं, झालं की हिरवं. बोटानं ओढून हिकडनं तिकडं टाकायचं. सगळ्यांच्या फोनमधी टाकून दिलं, काका सोडून. फ्लेक्स माझ्याकडं. मंडप आबांकडं. फेटेवाला राजवर्धनकडं, तो मोहितचा चुलतभाऊ. हार मोहितकडं. शिरा, पुरी, भाजी काकींकडं. आणि एक कार्ड महत्त्वाचं: डेपोत बोलून ठेवायचं की त्या दिवशी कळंबच्या पुढं गाडी दुसरा ड्रायव्हर नेईल. न्हायतर काकांना कळंबला थांबता येणार न्हाय, गाडी इंदापूरपर्यंत जाते. ते पण आबांकडं, कारण आबा म्हणले डेपोत त्यांची वळख हाय.

आबांना कार्ड ओढायचा नादच लागला. ज्या आबांना फोन उचलताना लाल बटण दाबायची सवय, ते ओट्यावर बसून बोटानं कार्ड ओढतायत अन् शेजारच्याला दाखवतायत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर फळा हिरवागार. मंडप हिरवा. डेपो हिरवा. फेटे हिरवे. हार हिरवे. माझा फ्लेक्स पण हिरवा, मीच केला. डिझाईन तर झालेलंच होतं, छपाई म्हणजे काय, बटण दाबायचं. आणि सगळ्यांचं हिरवं असताना आपलंच लाल बरं दिसत न्हाय.

एकच कार्ड लाल. मालतीकाकींचं.

मी चॅनलवर टाकून दिलं. कामाच्या नियोजनासाठी हेच घ्या, आमच्या आबांनी सुद्धा एका दिवसात काम उरकलं. त्याच्यावर लोकांनी अंगठे दिले. आणि हिकडं सगळे काकींच्या मागं लागले. राजवर्धन चिडवायचा, काकू तुमच्यामुळं फळा नासला. आबा तर रोज विचारायचे, मालती, तुजं तेवढं काय अडलंय? काकी म्हणायच्या,

"कढई खाली उतरल्याबिगर झालं कसं म्हणू?"

आम्हाला वाटायचं काकींना ॲप जमंना.

ह्याच दिवसात मी प्रोग्रामिंग शिकत होतो, ते पण सांगतो, कारण त्याचा पुढं संबंध हाय. एका ॲपवर. धडा संपला की ते तारे देतं, फटाके वाजवतं. माझ्याकडं ताऱ्यांचा ढीग झालेला. मोहितनं एकदा सहज म्हणलं, मग दोन आकड्यांची बेरीज करून दाखव की. मी कोरी स्क्रीन उघडली आणि तिच्याकडं बघत बसलो. मोहित पण बघत बसला. मग म्हणला, तारे तरी लय हायत.

तर, तो दिवस. काकांची गाडी कळंबला साडेपाचला. सकाळी फ्लेक्स छापायला घेतला तर दुकानात निम्म्या तालुक्याचे वाढदिवस माझ्या पुढं रांगेत. छपाई झाली तेव्हा दुपार कलत आलेली. फ्लेक्स गुंडाळून गाडीला आडवा बांधला, शाई ओलीच, आणि सुटलो. मनात एवढंच की आपलं एकट्याचंच उशीरा आलं, बाकी सगळं तितं तयार असणार.

कळंबच्या स्टँडवर पोचलो. एक कुत्रं होतं. आणि मोहित होता, कट्ट्यावर, डोक्याला हात लावून.

मंडप न्हाय. फेटेवाला न्हाय. हार न्हायत. मी फोन काढला. फळा हिरवागार.

आबांना बोलावलं. आबा इस्त्रीच्या कपड्यात, डोक्याला केशरी फेटा बांधून, अध्यक्ष होऊन आलेले. मी विचारलं मंडप कुठंय? आबा म्हणले, मंडपवाल्याला सांगितलंय की. त्यानं मान डोलावली. मग झालंच की. राजवर्धनला विचारलं. तो म्हणला फेटेवाला म्हणला येतो समजा. मग मी समजलो. मी मोहितकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. इंदापूरचा हारवाला त्याला म्हणलेला, मालक, झालं समजा.

तेव्हा मला कळलं. ज्यानं हे ॲप बनवलं त्याच्या गावात 'झालं' म्हणजे झालेलं असतं. आमच्याकडं माणूस 'झालं समज' म्हणतो ते समोरच्याला बरं वाटावं म्हणून. त्यात खोटं काय न्हाय. तो मनापासनंच म्हणतो. काम तेवढं राहिलेलं असतं. आणि मी स्वतः दुकानात मोहितला तेच म्हणलेलो.

सगळ्या कार्डांतलं एकच खरं होतं, लालवालं. काकींच्या घरातनं शिऱ्याचा वास स्टँडपर्यंत येत होता.

मोहित कट्ट्यावरनं उठंना. मंडपवाला म्हणला आलोच, म्हणजे किती वेळ ते देवाला ठाऊक. गाडी बारामतीतनं सुटलेली. आणि काकांची गाडी म्हणजे साडेपाच म्हणजे साडेपाच. तेवढ्यात अबोली आली, सगळा प्रकार ऐकला आणि म्हणली, पप्पांना उशीर करा.

देवळात कुणी शिवी दिल्यासारखं वाटलं.

पण दुसरा उपाय कुणाकडं होता? आमचा एक दोस्त शिवम, उसाचा ट्रॅक्टर चालवतो. हंगाम चालू होता. लासुर्ण्याच्या बाजूला फडातनं दोन ट्रॉल्या भरून तो निघायच्या बेतात होता. एरवी उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलं की आपण काय काय बोलतो, ते लिहिता यायचं न्हाय. त्या दिवशी देवाला लावल्यासारखा त्याला फोन लावला. म्हणलं काकांची गाडी तुझ्या मागं येईल, पुढं जाऊ द्यायची न्हाय, सावकाश चल. शिवम म्हणला,

"निघालोच समज."

मोहितनं माझ्या हातातनं फोन घेतला.

"समज न्हाय, शिवम. फोटो टाक. चालू ट्रॅक्टरचा."

थोड्या वेळानं फोटो आला. चहाचा ग्लास होता. मोहित फोनवर जे बोलला ते पण लिहिता यायचं न्हाय. त्याच्यानंतर दुसरा फोटो आला, ट्रॅक्टरच्या सीटवरनं काढलेला, पुढं रस्ता.

कंडक्टर माधवी मॅडम आमच्या कटात होत्या. त्यांचे मेसेज यायला लागले. 'पुढं ट्रॅक्टर.' मग 'हॉर्न चालू.' मग 'हॉर्न बंद. साहेब काय बोलंनात.' मग 'प्यासिंजर बोलायला लागलेत.' काका वळणावर, कडेची पट्टी सोडून, कुणाला कट मारून पुढं जाणाऱ्यातले न्हायत. आमचा सगळा डाव त्यांच्या त्याच चांगुलपणावर चाललेला. तेव्हा हे सुचलं न्हाय. आता लिहिताना सुचतंय.

हिकडं पळापळ. डेअरीची ताडपत्री आणली, चार बांबू रोवले, तिसरा सारखा पडायचा म्हणून त्याला राजवर्धन धरून उभा राहिला. फ्लेक्स लिंबाला अन् खांबाला बांधला. मोहित वालचंदनगरला जाऊन जो मिळंल तो हार घेऊन आला. कुणाच्या तरी नव्या गाडीच्या पूजेसाठी केलेला. आबांनी गळ्यात घालून बघितला तर गुडघ्याच्या खाली. फेट्याचं काय? आबांनी स्वतःच्या डोक्यावरचा उतरवला. त्यांचं डोकं मी पहिल्यांदा उघडं बघितलं. एवढा मोठा अध्यक्ष एकदम साधा म्हातारा दिसायला लागला.

सहा वाजत आले आणि आवाज आला. आधी शिवमचा ट्रॅक्टर, टेपवर गाणी लावून. त्याला खरं तर अलीकडं जंक्शन गावापाशी कारखान्याकडं वळायचं होतं, पण तो जोशात थेट कळंबात आला. त्याच्या मागं काकांची लाल गाडी. नवरदेवामागं वरात असते, तसं उसामागं काका.

टाळ्या वाजल्या. काका उतरले. त्यांनी माणसांकडं बघितलं न्हाय, मनगटाकडं बघितलं.

"लेट झालो," म्हणले. "शेवटच्या दिवशी."

टाळ्या थांबल्या. मोहितचा चेहरा मला बघवंना. आबांनी तो लांबलचक हार पुढं केला. काका फ्लेक्ससमोर जाऊन उभे राहिले. बघत राहिले. सगळ्यांना वाटलं आता डोळ्यात पाणी येणार.

"माझं स्टेअरिंग कुठं गेलं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, ते सॉफ्टवेअरनं काढलं, काका.

"मग मी धरलंय काय?"

आबांनी मधी पडून विषय बदलला, म्हणले बस रघू, शिरा गरम हाय. काका म्हणले गाडी पुढं कोण नेणार? आबा म्हणले डेपोत बोललोय. काकांनी विचारलं कुणाशी? आबांनी उघड्या डोक्यावरनं हात फिरवला. म्हणले, बोलल्यालंच समज की.

काका परत गाडीकडं निघाले. गाडी इंदापूरला जमा केल्याशिवाय ड्युटी संपली न्हाय, एवढंच म्हणले. राग न्हाय, काय न्हाय. मोहित त्यांच्या आडवा गेला. मला वाटलं थांबा म्हणेल. पण तो म्हणला,

"पप्पा, लेट तुमी न्हाय झाला. आमी केला. शिवमला मीच सांगितलं."

काकांनी त्याच्याकडं बघितलं, मग शिवमकडं. शिवमनं टेप बंद केला. काका म्हणले, "इचारलं असतं तर सांगितलं असतं. मी गाडी लावूनच माघारी येणार व्हतो. तुमाला पायजे तेवढा टाईम व्हता." आणि पायरीवर पाय ठेवून मागं वळले. "उभं काय ऱ्हायलाय? चढा."

अख्खा कार्यक्रम गाडीत चढला. माधवी मॅडमनी सगळ्यांची तिकिटं फाडली, वळखीची सवलत न्हाय. आबांनी ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड काढलं तेव्हा कुठं त्यांचा अध्यक्षपणा परत आला. हार गाडीच्या नाकाला बांधला. तिथं अगदी मापात बसला, जणू तिच्यासाठीच केलेला. मोहित ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसला. काका चालवत होते, आम्ही बघत होतो.

इंदापूरच्या डेपोत गाडी लावली. फोटोसाठी म्हणलं काका खाली या. तर न्हाय म्हणले, फोटो काढायचा तर हितंच काढा, हाताखाली हाय तंवर. आता अडचण झाली. ड्रायव्हरची सीट गाडीत कडंला असती. समोरनं बघितलं तर काका एका कोपऱ्यात, बाकी सगळी काच रिकामी. परत कडंलाच. मी फोन धरून हिकडं-तिकडं सरकतोय, जमंना. मोहितनं बघितलं. मग तो खाली उतरला अन् सगळ्यांना ड्रायव्हरच्या अंगाला ढकलायला लागला. सरका, आबा सरका, अजून सरका. निम्मी माणसं गाडीच्या पुढं, निम्मी गाडीच्या कडेपलीकडं, मोकळ्या जागेत, कशाला तर काय कळंना, पण उभी राहिली. काकी हसायला लागल्या. मी स्क्रीनवर बघितलं.

काका मधोमध आलेले.

त्या फोटोला मी कुठल्याच सॉफ्टवेअरमधी हात लावला न्हाय.

परत येताना दुसऱ्या गाडीत काका प्यासिंजर म्हणून बसले. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. कळंबला पोचलो तर मंडप उभा, लाईटी चालू. फेटेवाला वाट बघून वैतागलेला. इंदापूरचे हार टोपलीत. म्हणजे झालं सगळं, आपल्या टायमाला. फेटा मात्र काकांनी आबांचाच बांधून घेतला. शिरा परत गरम केला. पंगत उठल्यावर काका शिवमपाशी गेले, तो घाबरलाच. काका म्हणले, "तुझ्या मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर न्हाय. एवढा येळ मागं व्हतो म्हणून दिसलं. लाव." शिवम 'लावला सम' एवढं म्हणला आणि थांबला. म्हणला, उद्या लावतो.

शेवटची पंगत उठली, भांडी धुवून पालथी पडली, तेव्हा काकींनी माझ्या हातात फोन दिला. म्हणल्या, "आता कर हिरवं."

त्या दिवसानंतर मी ताऱ्यांचं ॲप काढून टाकलं. आता दुसऱ्याचा लिहिलेला प्रोग्राम उघडतो, मोडतो, परत जोडतो. वेळ लागतो. फटाके वाजत न्हायत. पण बेरीज येते. आणि माझा स्वतःचा कार्डांचा फळा बनवायला घेतलाय. त्यात चार कप्पे हायत: बाकी, चालू, झालं समज, झालं. आबांना करून बघायला दिला. ते म्हणले शेवटचे दोन एकच हायत की, उगा जागा कशाला घालवतोस. चॅनलवर त्याची तुलना टाकणार न्हाय, स्वतःच्या पोराला कोण मार्क देतं.

कालच मोहित दुकानात आला. त्याच स्टुलावर बसला. म्हणला पप्पा बाहेरच्या खोलीत मोकळा खिळा ठोकून बसलेत. डेपोतला फोटो सगळ्या गावाचा हाय, तो हाय, पण त्यात पुढच्या माणसांमागं त्यांचे हात दिसत न्हायत. त्यांना अबोलीनं काढलेला पायजे. स्टेअरिंगसकट.

मी थोरलं सॉफ्टवेअर बंद केलं आणि फुकटचं उघडलं. हातानं करायचं म्हणून. मोहित माझ्या तोंडाकडं बघत होता, मी काय म्हणतोय त्याची वाट बघत. माझ्या जिभेवर ते आलेलं, तिथंच अडवलं.

"मोह्या," मी म्हणलं, "काकांच्या हातात स्टेअरिंग देतो. मी स्वतः घेऊन येतो कळंबला. आणि त्या खिळ्याला लटकल्याशिवाय झालं म्हणणार न्हाय."